डाव्या बाजूचे पोचे

आमच्या शोरूमच्या मागच्या शेडमध्ये मी चौतीस वर्षं पत्रा ठोकला. पोचे काढायचे, लांबी भरायची, घासायचं, रंग मारायचा, आणि गाडी अशी करून द्यायची की मालकालाही जागा सापडू नये. या कामाचा मला गर्व होता. आमच्या हानेझावा गावात निहेईसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते खुशाल ऐकून घ्यायचो. आता कुणी तसं म्हणालं तर मी विषय बदलतो. त्याचं कारण सांगायचं तर तोकुजी ओइकावाबद्दल सांगायला हवं.

ओइकावा आमचा सेल्समन. शिडशिडीत, कायम थोडा पुढे झुकलेला. गिऱ्हाइकांपुढे वाकून वाकून पाठ तशीच राहिली, असं मी त्याला चिडवायचो. पायात नाडी नसलेले स्वस्तातले बूट, कारण दिवसाला पंधरा-वीस घरांत शिरायचं आणि प्रत्येक उंबऱ्याशी बूट काढायचे. गिऱ्हाइकाच्या अंगणात त्यानं कधी गाडी लावली नाही, रस्त्यावर लांब लावून चालत जायचा. चहा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घेत नसे. आणि कुणाला न आवडेल असं काही बोलायची वेळ आली, की मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढायचा. समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. मला या प्रकाराचा मनापासून वैताग यायचा. मी ठोकणारा माणूस, वाकडं दिसलं की वाकडं म्हणतो. निदान तेव्हा माझी माझ्याबद्दल अशी समजूत होती.

कंपनी ट्रक बनवायची, साहेबलोकांच्या मोठ्या गाड्याही बनवायची, पण ओइकावा विकायचा ती हिबारी. हिबारी म्हणजे चंडोल. चार दारं, पाच माणसं, मागे बऱ्यापैकी डिक्की, आणि कुणाच्या डोळ्यांत न खुपणारं रूप. शाळेतले मास्तर, पोस्टातले कारकून, चेरीच्या बागा असलेली मंडळी, सगळ्यांच्या दारात हिबारी. शेजाऱ्याकडे आली म्हणून आपल्याकडे आली, असंही बरंच होतं. सहासष्ट साली पहिली निघाली तेव्हा आमच्या गावात डांबरी रस्ता एकच होता.

एकोणसत्तर साली ओइकावा एकोणीस वर्षांचा होता आणि तीन महिन्यांत त्यानं एकही गाडी विकलेली नव्हती. शाखाप्रमुख रोज सकाळी सगळ्यांसमोर त्याची हजामत करायचा. अशात त्यानं कामिनो वस्तीवरच्या शिबुए योनेझोकडे खेपा घालायला सुरुवात केली. वस्ती डोंगराच्या कुशीत, गावापासून दोन कोस. शिबुए तेव्हा पस्तिशीचा, चेरीच्या बागेचा मालक, बोलायला फटकळ. अकराव्या खेपेला तो शिडीवरूनच ओरडला, "ए पोरा, मला गाडी नकोय, चेरी तोडायला माणूस हवाय! येतोस?"

ओइकावानं कोट काढून फांदीला अडकवला आणि शिडी चढला. चेरी देठासकट तोडावी लागते, देठ तुटलं की फळ गेलं. पहिल्या दिवशी त्यानं अर्धी टोपली वाया घालवली आणि शिव्या खाल्ल्या. सलग तीन दिवस पहाटे सायकलनं येऊन त्यानं चेरी तोडली, गाडीचं अवाक्षर काढलं नाही. चौथ्या दिवशी शिबुए म्हणाला, "बरं, आण तुझा तो चंडोल. पण पंचांगात चांगला दिवस बघून आण."

चांगला दिवस बघून पांढरी हिबारी आली. देवळात पुजाऱ्यानं तिच्यावरून कागदी झुरमुळ्यांची काठी फिरवली, शिबुएच्या बायकोनं, तोमेनं, चारी चाकांवर थोडी थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली. सात वर्षांची सुमिए मागच्या सीटवर चढून बसली ती उतरेना. ओइकावा फाटकात कमरेतून वाकून उभा राहिला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत सरळ झाला नाही. ही त्यानं विकलेली पहिली गाडी. ही हकीकत मी त्याच्या तोंडून निदान शंभरदा ऐकली आहे, आणि दर वेळी शिव्यांमध्ये एखादी नवी शिवी भरलेली असायची.

पुढे हिबारी दर चार-पाच वर्षांनी कात टाकत राहिली. दुसरीला बाक आला, तिसरी लांब झाली. चौथीपासून मी कामावर होतो, त्यामुळे तिच्यापासून पुढचं सगळं माझ्या हातांना माहीत आहे. चौथीचा पत्रा जाड होता, ठोकला की ऐकायचा. पण बर्फाच्या दिवसांत रस्त्यावर मीठ टाकतात ना, ते खालून तिला खायचं, आणि मडगार्डला बोट लावलं तर बोट आरपार. पाचवीत इंजिनाची ओढ मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर आली, तेव्हा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी कुरकूर केली आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फातून सरळ वर चढल्यावर गप्प बसली. सहावी म्हणाल तर राणी. देशात पैसा उतू जात होता, त्यामुळे साध्या घरगुती गाडीलाही मखमली सीटा आणि दार लावताना 'धप्प' असा भारदस्त आवाज. आठवीच्या वेळी तो पैसा संपलेला होता. बंपर काळे, बिनरंगाचे. मी ओइकावाला म्हटलं, "ही गाडी अर्धवट कपडे घालून आलीय." तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. हिबारीला नाव ठेवलेलं त्याला खपायचं नाही.

शिबुएकडे एकूण आठ हिबारी आल्या, आठही ओइकावानं दिल्या. मधल्या काळात सुमिए शिकली, सेंदाईला लग्न होऊन गेली, तिला मुलं झाली. पहिलं नातवंड झालं तेव्हापासून ओइकावा शिबुएला 'आजोबा' आणि तोमेला 'आजी' म्हणायला लागला, आणि आम्हीही. सुमिए मात्र त्याला लहानपणापासून 'दादा' म्हणायची ती तशीच म्हणत राहिली. ओइकावाच्या स्वतःच्या मुलीच्या शाळेचे खेळ असायचे जूनमध्ये. तो एकदाही गेला नाही, कारण जूनमध्ये शिबुएची चेरी असायची. त्याच्या बायकोनं एकदा मला विचारलं होतं, "निहेई-सान, यांचं घर नक्की कोणतं हो?" मी हसण्यावारी नेलं.

आणि त्याचा शब्द म्हणजे शिबुएंच्या घरात अखेरचा शब्द. "आजोबा, टायर गुळगुळीत झालेत." टायर बदलले. "आजोबा, बॅटरी हा हिवाळा काढायची नाही." बॅटरी बदलली. "आजोबा, आता नवी घ्यायला हवी." नवी आली. म्हातारा कशालाही का म्हणून विचारत नसे. गाडीचं काय ते ओइकावाला कळतं, असं एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

आमच्याकडे वर्षातून दोनदा टायर बदलतात, नोव्हेंबरात बर्फाचे, एप्रिलमध्ये साधे. ओइकावा म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या स्वतः घरून आणायचा आणि पोचवायचा. दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात त्यानं शिबुएंची हिबारी आणली, तेव्हा सरळ शोरूमला न आणता मागच्या बाजूनं माझ्या शेडमध्ये घातली. मागच्या डाव्या दारावर हातभर लांब ओरखडा आणि त्याखाली पोचा.

"कुठं घासली?" मी विचारलं.

"बागेच्या कोपऱ्यावर सिमेंटचा खांब आहे ना."

"तो खांब तिथं चाळीस वर्षं आहे."

ओइकावानं मान तिरकी केली. "जरा बघतोस का? टायर बदलतोय तेवढ्यात होईल. आणि कागदावर घेऊ नकोस. आजोबांना लाज वाटेल."

शिबुए तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. मी पोचा काढला. इतका साफ काढला की दारात आकाश दिसत होतं. संध्याकाळी ओइकावानं गाडी पोचवली, दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केले, ओरखड्याचं नाव ना त्यानं काढलं ना म्हाताऱ्यानं. आमच्याकडे याला माणुसकी म्हणतात. समोरच्याची चूक दिसली तर आपण ती पाहिलीच नाही असं वागायचं, आणि जमलं तर गुपचूप पुसून टाकायची. मीही त्या दिवशी घरी गेलो तो खुशीतच गेलो.

बाराच्या एप्रिलमध्ये पुढचं डावं मडगार्ड आणि दिवा. तेराच्या नोव्हेंबरात डावा आरसा लोंबकळत आणि पुढचं दार आत गेलेलं. सगळं डावीकडे. स्टेअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे माणसाची नजर आणि अंदाज ढळायला लागला की पहिला मार डाव्या अंगाला बसतो. हे पत्रा ठोकणाऱ्या कुणालाही कळतं. तिसऱ्या वेळेला मी हातोडा खाली ठेवला.

"ओइकावा, म्हाताऱ्याला सांग आता. गाडी बंद कर म्हणावं."

"लायसन्स नवं करताना वयस्कर माणसांच्या डोक्याची परीक्षा घेतात. घड्याळाचं चित्र काढायला लावतात. आजोबा पास झालेत."

"घड्याळ काढता येतं म्हणून खांब चुकवता येतो का? हे दार बघ!"

"वस्तीवर बस येते का? दुकान कुठाय? आजींचं दर पंधरवड्याला हॉस्पिटल. गाडी गेली तर दोघं जातील कशानं?"

"मग लेकीला सांग."

त्यानं दातांतून हवा ओढली. "चाळीस वर्षं ज्यांच्या घरचं खाल्लं, त्यांची चहाडी लेकीकडे करू?"

त्याचं सगळं म्हणणं खरं होतं. तरीही ते चुकीचं होतं, आणि मला ते तेव्हाही कळत होतं. मी दार ठोकायला घेतलं.

चौदाच्या फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. हिबारी बंद. लोक आता एकतर छोट्या डबीसारख्या गाड्या घेतात नाहीतर सात सीटांच्या उंच. मधली चार दारांची गाडी कुणाला नको होती. दहावी हिबारी शेवटची, आणि आमच्या शाखेच्या वाट्याला तिच्या तीन गाड्या. ओइकावा तेव्हा चौसष्ट वर्षांचा, साठीनंतर वर्षावर्षाच्या करारानं ठेवलेला, पुढच्या मार्चमध्ये कायमचा घरी जाणार. पत्र वाचून तो शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "एक शिबुए आजोबांना देतो."

मी भडकलो. "ऐंशी वर्षांच्या माणसाला गाडी विकतोस? तीन पोचे माझ्या हातानं काढलेत मी!"

"जुनीला तेरा वर्षं झाली. नवीला अडथळा आला की वाजणारी घंटी आहे, ती बरी नाही का?"

"घंटीचं सोंग माझ्यासमोर नको. तुला पहिली ज्याला दिली त्यालाच शेवटची द्यायचीय. तुझी हौस आहे ती."

तो लालबुंद झाला. त्याला मी असं कधी पाहिलं नव्हतं. "असली हौस तर असू दे," तो म्हणाला. "दुसरं काय आहे माझ्याकडे?"

मे महिन्यात चांगला दिवस बघून गाडी गेली. पांढरीच. तोमे आजींनी चाकांवर साके ओतली, ओइकावा फाटकात वाकला. म्हातारा म्हणे गाडीत बसून लहान मुलासारखा हसत होता. मी गेलो नाही. शेडमध्ये काम आहे म्हणून सांगितलं.

ऑगस्टमध्ये ओबोन असतो. पितर घरी येतात म्हणून लेकीबाळी माहेरी येतात. त्याच्या चार दिवस आधी ओइकावा कलिंगड घेऊन शिबुएंकडे गेला, आणि तासाभरात ती नवी गाडी घेऊन माझ्याकडे आला. पुढच्या बंपरचा डावा कोपरा आत गेलेला. तीन महिने झाले नव्हते.

"त्यांच्या शेडच्या खांबाला लागली," तो म्हणाला. "निहेई, सुमिए परवा येतेय. त्याच्या आत कर."

मी केलं. शिव्या देत केलं, पण केलं. गाडी परत देताना ओइकावाला वाटलं, या वेळी काहीतरी बोलायलाच हवं. त्यानं म्हाताऱ्याला नाही, आजीला बाजूला घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "आजी, आजोबा गाडी शेडमधून काढतात-घालतात तेव्हा तुम्ही जरा पुढं उभ्या राहत जा ना. हातानं 'या, या' करायचं. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे." आजी म्हणाल्या, "हो हो, राहीन की. तेवढाच माझाही उपयोग." हे त्यानं मला आनंदानं सांगितलं. कुणाचं मन न दुखावता तोड काढली म्हणून तो स्वतःवर खूश होता. मीसुद्धा "बरं केलंस" म्हणालो. हे लिहिताना मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

त्या वर्षी बर्फाचे टायर लावायला अकरा नोव्हेंबरची सकाळ ठरली. ओइकावानं आदल्या दिवशी फोन केला, "आजोबा, उद्या दहाला येतो गाडी न्यायला." आता हे आमच्याकडचं दुसरं वेड ऐका. गाडी मेकॅनिककडे द्यायची तर घाण कशी द्यायची? आधी धुऊन, पुसून, फाटकाशी आणून ठेवायची, म्हणजे न्यायला येणाऱ्याला त्रास नको. म्हातारा पावणेदहाला गाडी धुवायला म्हणून शेडमधून काढायला गेला. आजी एप्रन बांधून पुढं उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे ओढ्याकडच्या बाजूची दगडी भिंत.

आम्ही दोघं दहाला पाच कमी असताना पोचलो. येताना एक गाडी आणि जाताना दोन, म्हणून मी बरोबर होतो. ओइकावानं नेहमीसारखी गाडी लांब रस्त्यावर लावली. फाटकातून आत बघितलं तर हिबारीचं नाक भिंतीला टेकलेलं, मध्ये आजी अडकलेल्या, इंजिन अजून चालू, आतली घंटी टुणटुण वाजतेय, आणि म्हातारा दोन्ही हातांनी बोनेट मागे ढकलतोय. गाडीचा गिअर तसाच होता. ऐंशी वर्षांचा माणूस चालू गाडी हातांनी मागे ढकलत होता.

मी आत घुसून गाडी मागे घेतली. ओइकावानं आजींना धरलं. त्या शुद्धीवर होत्या. पहिलं वाक्य काय बोलल्या, तर "ओइकावा-सान, चहाचं पाणी ठेवायचं राहिलं हो."

दोन्ही पाय आणि कंबर. हॉस्पिटलमध्ये दोन शस्त्रक्रिया झाल्या. म्हाताऱ्यानं पोलिसांना सरळ सांगितलं, ब्रेक म्हणून दाबला तो ॲक्सिलरेटर होता.

शाखाप्रमुख आमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, पण कागदावर न आलेली कामंही त्याला ठाऊक होती. त्यानं ओइकावाला बोलावून सांगितलं, "गाडीत काही दोष नाही, पोलिसांनीच लिहून दिलंय. तुम्ही फळांची करंडी घेऊन जा, नीट वाका आणि परत या. मागच्या किरकोळ डागडुजीचं कुणाला काही सांगायची गरज नाही. चार महिने उरलेत तुमचे, ओइकावा-सान. शांतपणे घरी जा."

ओइकावा तिथून उठून माझ्या शेडमध्ये आला आणि रंगाच्या डब्यावर बसला. "मी सांगणार," तो म्हणाला. "सुमिएला सगळं सांगणार."

आणि मी, वाकडं दिसलं की वाकडं म्हणणारा, काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "नको सांगूस." हो, मीच. "आता सांगून आजींचे पाय परत येणार आहेत का? तुझं नाव जाईल, माझंही जाईल. हात माझे होते." तो डब्यावरून उठला. मग म्हणाला, "तू आलास तर बरं होईल. नाही आलास तरी मी जाणार आहे."

गेलो. चौथ्या दिवशी दुपारी. बरोबर फळांची करंडी नव्हती. सुमिएनं दार उघडलं. बावन्न वर्षांची बाई, चार दिवसांत डोळे खोल गेलेले. "या दादा," ती म्हणाली, "निहेई-सान, तुम्हीपण या." खोलीत म्हातारा कोताट्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून बसला होता, टीव्ही बंद. आम्ही आलो तरी त्यानं मान वर केली नाही.

सुमिएनं चहा ठेवला आणि ओइकावानं तोंड उघडायच्या आधीच बोलायला लागली. तिला कुणाशी तरी बोलायचंच होतं. "मला कळत नाही, दादा, माझं कुठं चुकलं. पेपरात येतं ना, आईवडिलांच्या गाडीवर ओरखडे दिसायला लागले की समजा वेळ आली. मी वाचलं होतं ते. दर नव्या वर्षाला, दर ओबोनला, घरी आले की आधी गाडीभोवती फिरायची. बाबांना कळू नये म्हणून कपडे वाळत घालायच्या निमित्तानं जायची. हात फिरवून बघायची. एक ओरखडा नव्हता. चार वर्षांत एकसुद्धा नाही! मी नवऱ्याला सांगायची, बाबा अजून माझ्यापेक्षा चांगली चालवतात म्हणून."

हात फिरवून बघायची, असं म्हणाली ती. माझं काम हातालाही लागू नये असंच मी करत होतो.

ओइकावा बसायच्या उशीवरून खाली सरकला, चटईवर दोन्ही हात टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. तसंच खाली बघत त्यानं सगळं सांगितलं. दहाचा नोव्हेंबर, मागचं दार. बाराचा एप्रिल, मडगार्ड आणि दिवा. तेराचा नोव्हेंबर. या ओबोनच्या चार दिवस आधी. "तू येणार होतीस म्हणून घाईनं करून घेतलं. आणि आजींना पुढं उभं राहायला मीच सांगितलं, सुमिए. मी सांगितलं नसतं तर त्या तिथं नसत्या."

मी त्याच्या शेजारी डोकं टेकलं. "पोचे मी काढले," एवढंच मला बोलता आलं.

सुमिएनं पुढ्यातला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "ओइकावा-सान." सात वर्षांची असल्यापासून ती त्याला दादा म्हणत होती. "ओइकावा-सान, आई रोज हात दाखवत उभी राहायची. तिला वाटायचं ती बाबांना मदत करतेय. तुम्हाला एक फोन करता आला नाही? माझा नंबर तुमच्या वहीत तीस वर्षं आहे. माझ्या मुलांचे वाढदिवस लक्षात राहतात तुमच्या!"

ओइकावानं कपाळ चटईवरून उचललं नाही.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं रजई बाजूला केली. "त्याला कशाला बोलतेस," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं, बाबा?"

"पोचे. मी पाडले, मला नको ठाऊक असायला? गाडी नेताना असायचे, येताना नसायचे. मला काय, निहेईनं जादू केली असं वाटलं?" तो ओइकावाकडे वळला. "मी म्हटलं, ओइकावानं बघितलंय. त्याला गाडीतलं कळतं. टायर गेले की सांगतो, बॅटरी गेली की सांगतो. म्हणजे माझी वेळ आली की हेही सांगेल. तू गाडी घेऊन यायचास, मी फाटकात उभा राहायचो, म्हणायचो आज सांगतोय. आणि तू वाकून निघून जायचास. मग मी म्हणायचो, काही बोलला नाही ना, म्हणजे अजून चालतंय. मे महिन्यात तर तू नवी घेऊन आलास! मी तोमेला म्हटलं, बघ, ओइकावाच नवी देतोय म्हणजे माझं अजून पाच-सहा वर्षं काही बिघडत नाही."

ओइकावानं डोकं वर केलं. त्याचा चेहरा मी लिहू शकत नाही. तो रडत नव्हता. रडला असता तर बरं वाटलं असतं.

"एवढी वर्षं तूच सांगत आलास," म्हातारा म्हणाला. "मी वाट बघत होतो रे. मग आता तरी सांग."

ओइकावानं दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्यांदा शब्द आले. "आजोबा, आता गाडी चालवू नका."

"बरं," म्हातारा म्हणाला.

एवढंच. वाद नाही, हट्ट नाही. खिशातून किल्ली काढून त्यानं चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि पाय पुन्हा रजईत घेतले. चार वर्षांपूर्वी सांगितलं असतं तरी तो हेच म्हणाला असता, हे त्या खोलीत सगळ्यांना एकाच वेळी कळलं. सुमिए उठून आत गेली, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

तोमे आजी त्यानंतर पाच वर्षं जगल्या. एकदाही उभ्या राहिल्या नाहीत.